‘एका पानाचे किती देणार?’ असं मूल विचारू लागलं, तर

प्रश्न एका आईचा आहे. थोडक्यात सांगते. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. पहिलीत असताना लिहायचा कंटाळा करायचा म्हणून घरात फ्रिजवर तक्ता लावला. रोजच्या अभ्यासाला एक स्टार, दहा स्टार झाले की आवडीची वस्तू. दोन महिने छान चाललं. मग स्टारचं काही वाटेना, म्हणून शुद्धलेखनाच्या पानाला पाच रुपये सुरू झाले, पुढे दहा. आता तो दप्तर उघडायच्या आधीच विचारतो, ‘एका पानाचे किती देणार?’ धाकटी मुलगी पाच वर्षांची, दिवसभर चित्रं काढत बसणारी. परवा तिनंही चित्र दाखवलं आणि हात पुढे केला. ‘आमचं चुकलं कुठे, आणि आता हे बंद कसं करू?’ असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली ते चौथीच्या वर्गांना शिकवलं. निवृत्त झाल्यावर आता प्राथमिक शिक्षकांसोबत काम करते. तुम्ही लिहिलेल्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओझरती लिहून पुढे गेला आहात: ‘लिहायचा कंटाळा करायचा.’ का करायचा? हात दुखायचा? अक्षरं आठवायची नाहीत? लिहिलेलं कुणी वाचतच नव्हतं? याचं उत्तर तुमच्या पत्रात नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. तक्ता लावल्यावर मूल लिहायला लागलं, त्यामुळे ‘का’ विचारायची वेळच आली नाही. बक्षिसाचा सगळ्यात मोठा तोटा मला हाच वाटतो. मूल लाडावतं, हावरट होतं, पैशाला चटावतं, हे सगळं लोक बोलतात. पण मूल कुठे अडलंय हे मोठ्यांना दिसायचं बंद होतं, ते नुकसान त्याहून मोठं आहे.

माझ्या वर्गातला एक मुलगा सांगते. तिसरीतलाच. फळ्यावरचं वहीत उतरवून घ्यायचा नाही. खिडकीबाहेर बघत बसायचा नाहीतर शेजारच्याला कोपरानं ढोसायचा. वडिलांनी सांगितलं, सहामाहीपर्यंत सगळ्या वह्या पूर्ण कर, सायकल घेऊन देतो. आठवड्याभरात वह्या भरू लागल्या. वडील खूश, मीही खूश. एकदा वह्या तपासताना त्याच्या वहीत ‘आर्शीवाद’ असं लिहिलेलं सापडलं. रफार भलत्याच अक्षरावर. ही चूक मुलं नेहमी करतात, पण फळ्यावर मी ‘आशीर्वाद’ नीट लिहिला होता. त्याच्या शेजारच्या मुलाची वही उघडली, तिथेही ‘आर्शीवाद’. मागची पानं चाळली, तर शेजारच्याची एकूण एक चूक याच्या वहीत जशीच्या तशी होती. त्याला उठवून फळ्यापासून चार पावलांवर उभं केलं आणि वाचायला सांगितलं. घडाघडा वाचलं त्यानं. मागच्या बाकावरून त्याला फळा पुसटच दिसत होता. शाळेच्या आरोग्य तपासणीत डोळ्यांना नंबर निघाला, चष्मा आला, आणि वह्यांचा प्रश्न तिथेच मिटला. सायकलीच्या लोभानं त्या पोरानं शेजारच्याची वही उतरवायची युक्ती काढली, आणि आम्ही दोघंही त्याला मेहनत समजत होतो. त्या एका रफाराकडे माझं लक्ष गेलं नसतं, तर त्याचं अख्खं वर्ष तसंच निघून गेलं असतं.

आता धाकटीकडे येते, कारण तिची गोष्ट वेगळी आहे आणि त्यावर एक जुना, नावाजलेला प्रयोग आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात बिंग नर्सरी स्कूल नावाची बालवाडी आहे. तिथे मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांची, रंगीत स्केचपेननं चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं निवडली. मुलांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल, त्यावर सोनेरी शिक्का आणि फीत असेल. दुसऱ्या गटाला काहीच सांगितलं नाही, चित्रं काढून झाल्यावर अचानक तेच प्रशस्तिपत्र दिलं. तिसऱ्याला काही सांगितलं नाही आणि काही दिलंही नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच पेन वर्गात पुन्हा ठेवले. कुणी काही सांगत नव्हतं, देत नव्हतं, खेळायला बाकीच्या वस्तूही होत्या. मुलं आपल्या मनानं पेनकडे किती वेळ वळतात ते लपून पाहिलं. बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेल्या मुलांनी बाकीच्या दोन्ही गटांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांना दिला. बक्षिसाच्या बोलीवर काढलेली चित्रंही परीक्षकांना कमी दर्जाची वाटली, आणि चित्रं बघताना कोणतं चित्र कोणत्या गटातल्या मुलाचं हे त्यांना माहीत नव्हतं. हा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला.

यातला दुसरा गट विसरू नका. त्यांनाही तेच प्रशस्तिपत्र मिळालं होतं, तरी त्यांची आवड टिकली. म्हणजे वस्तू देण्यानं बिघडलं नाही, बोली लावण्यानं बिघडलं. ‘हे केलंस तर ते देईन’ या वाक्यातून मूल स्वतःच एक अर्थ काढतं: ज्याचे पैसे द्यावे लागतात ते काम नकोसंच असणार. आपणही तसंच करतो. एखाद्यानं जेवायला बोलावलं आणि ‘जेवलात तर शंभर रुपये देईन’ म्हणाला, तर पहिला घास घ्यायच्या आधी आपण भाजीचा वास घेऊन बघू.

बालवाडीतल्या त्या प्रयोगाच्या दोन वर्षं आधी, १९७१ मध्ये, एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञानं कॉलेजच्या विद्यार्थ्यांना लाकडी ठोकळ्यांची कोडी सोडवायला देऊन असंच काहीसं पाहिलं होतं. ज्यांना प्रत्येक कोड्यामागे डॉलर दिला, त्यांचा पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात कोड्यांकडचा ओढा उतरला. पुढे यावर बराच वाद झाला. ज्यूडी कॅमेरॉन आणि डेव्हिड पिअर्स यांनी १९९४ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून म्हटलं की बक्षिसानं सरसकट नुकसान होतं असं दिसत नाही. डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोग एकत्र तपासून त्याला उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं असं की आधी कबूल केलेलं, हातात पडणारं बक्षीस आवडीच्या कामाची गोडी कमी करतं, आणि हा परिणाम मोठ्यांपेक्षा लहान मुलांवर जास्त होतो. चांगल्या शब्दांत दिलेल्या शाबासकीनं तसं होत नाही. मी दोन्ही बाजूंचं वाचलं आहे, आणि वर्गात मला दिसलं ते डेसींच्या बाजूच्या म्हणण्याशी जुळतं. ‘आवडीच्या कामाची’ हे शब्द मात्र नीट लक्षात ठेवा. जिथे आवड मुळातच नाही, तिथे बक्षिसानं ती कमी होणार कशी? त्यामुळे तुमच्या दोन मुलांना एकच औषध चालणार नाही.

यात माझ्या हातूनही एक चूक झाली आहे. तीही सांगते, कारण त्यातून मी शिकले. चौथीच्या वर्गात वाचनपेटी होती, साठ-सत्तर पुस्तकं. मुलांनी वाचावं म्हणून मी भिंतीवर मोठा तक्ता लावला. एक पुस्तक वाचलं की नावापुढे एक तारा. दिवाळीपर्यंत एका मुलाचे एक्केचाळीस तारे झाले. गावातल्या पालकांना मी तो तक्ता कौतुकानं दाखवायची. एकदा त्या मुलाला सहज विचारलं, ‘तुला कोणतं पुस्तक सगळ्यात आवडलं रे?’ तो म्हणाला, ‘बाई, सोळा पानांची सगळीच.’

त्याच तक्त्यात एका मुलीचे तीनच तारे होते. ती जाडजूड पुस्तक घेऊन महिनाभर तेच वाचत होती. मधल्या सुट्टीत जिन्याच्या पायरीवर बसून, बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची. तक्ता भरत गेला तसं ते पुस्तक तिच्या हातात दिसेनासं झालं. तीही पातळ पुस्तकं घ्यायला लागली. मी विचारलं तर खाली बघून म्हणाली, ‘माझे तारे कमी आहेत ना.’ वर्गात खरी वाचणारी मुलगी ती होती, आणि माझ्या तक्त्यानं तिला सांगितलं की तू मागे आहेस. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तक्ता काढला.

पुढचे पंधरा दिवस वाचनपेटीला कुणीही हात लावला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण तुमच्या घरीही असंच होणार आहे. मग मी रोज शेवटच्या तासाला एक गोष्ट मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि ऐन रंगात आली की पुस्तक मिटून टेबलावर ठेवू लागले. घंटा झाली की तीन-चार मुलं टेबलाशी घुटमळायची. ‘बाई, पुढं काय झालं ते बघू का?’ हळूहळू पेटी पुन्हा उघडली. ताऱ्यांच्या काळात होता तितका आकडा पुन्हा कधीच दिसला नाही. पण आता मुलं एकमेकांना ‘ते अस्वलाचं घे, लई भारी आहे’ असं सांगायला लागली होती.

आपल्याकडे शाळांत हे तारे कसे आले, त्यावर थोडं बोलते. मी नोकरीला लागले तेव्हा टेबलावर छडी असायची. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी आणली. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. फार चांगलं झालं. पण ‘मग मुलं ऐकणार कशी?’ हा प्रश्न कित्येक शिक्षकांच्या मनात तसाच राहिला, आणि छडीच्या जागी स्टार, स्मायली, ‘स्टुडंट ऑफ द वीक’ आले. दोन्हींच्या मागचा विचार एकच आहे: मूल आपणहून शिकणार नाही, त्याला मागून ढकलावं लागतं नाहीतर पुढून ओढावं लागतं. तो विचारच मला मान्य नाही. दोन वर्षांचं पोर ‘हे काय? हे काय?’ करत घर डोक्यावर घेतं, त्याला कुणी स्टार देतं का?

इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह काढलं, तेव्हा सुरुवातीला तिथेही चांगल्या वागणुकीचा बिल्ला होता आणि खोड्या करणाऱ्याला खुर्चीत बसवायची शिक्षा होती. एकदा बिल्ला मिळालेलं मूल आपल्या कामात ये-जा करत होतं आणि गळ्यातला बिल्ला खाली पडला. खुर्चीत शिक्षा भोगणाऱ्या मुलानं तो उचलला. कामातल्या मुलाला त्याचं काही वाटलं नाही, घालायचा तर घाल म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला. बाईंनी यातून ओळखलं की ज्याला काम सापडलं त्याला बिल्ला लागत नाही.

आपल्या ताराबाई मोडकांनी हा विचार गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात मुरवला आणि मग १९४५ पासून ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत आदिवासी मुलांपर्यंत नेला. बोर्डी आता पालघर जिल्ह्यात येतं. मुलं बालवाडीत येत नव्हती. तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी वेगळी वाट धरली. बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली, आणि त्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि ती कल्पना आली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्याच भागातल्या कोसबाडला शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. मूल येत नाही म्हणजे शाळेत काहीतरी बदलायला हवं, असा त्यांचा हिशेब होता. शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी हे प्रत्येक वेळी सांगते, आणि आज तुम्हालाही सांगते, कारण तुमच्या फ्रिजवरच्या तक्त्याचा प्रश्न याच जातीचा आहे.

आता कुणी म्हणेल, सरकार तर मुलांना शाळेत येण्यासाठी देतंच की. देतं, आणि दिलंच पाहिजे. महाराष्ट्रात १९९२ पासून दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीमागे रोज एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. १९९५ पासून देशभर शालेय पोषण आहार आला. पोटात भूक असलेल्या लेकराला शिकण्याची गोडी लावण्याच्या बाता मारणं क्रूरपणा आहे. मुलगी शाळेत गेली तर धाकट्या भावाला कोण सांभाळणार, हा प्रश्न घरात खरोखरच असतो. शाळेची वाट अडवणारा धोंडा बाजूला करायला पैसा, खिचडी, सायकल, पुस्तकं सगळं लागतं. हे बक्षीस नाही, हा मुलांचा हक्क आहे. पण भात खाऊन वर्गात आलेलं मूल पुस्तकात रमेल की नाही, हे भातावर ठरत नाही. तिथून पुढचं काम शिकवणाऱ्याचं.

पैशानं अभ्यास होतो का, हे अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर करूनही पाहिलं आहे. अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांनी तिथल्या अनेक शहरांत मुलांना खरोखर पैसे दिले आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतल्या गुणांवर पैसे दिले, गुण वाढले नाहीत. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना एक पुस्तक वाचून त्यावरची छोटी चाचणी दिली की दोन डॉलर दिले, तिथे वाचनात थोडा फायदा दिसला. फरक असा की पुस्तक वाचणं मुलाच्या हातातलं काम आहे. गुण कसे वाढवायचे हे मात्र मुलाला ठाऊकच नसतं. न्यूयॉर्कच्या मुलांना विचारलं, जास्त पैसे मिळवायला काय कराल, तर ती सांगत होती की प्रश्न नीट वाचू, उत्तरं पुन्हा तपासू. शिक्षकांना विचारू किंवा घरी जास्त अभ्यास करू, असं त्यांच्या बोलण्यात येत नव्हतं. ‘नव्वद टक्के पडले तर मोबाइल’ म्हणणाऱ्या प्रत्येक पालकानं हे ऐकून ठेवावं. शिष्यवृत्ती परीक्षेच्या मोसमात मी हे फार जवळून पाहिलं आहे. चौकात यशस्वी मुलांच्या फोटोंचा फ्लेक्स लागतो आणि त्या फ्लेक्ससाठी बाकीच्यांच्या घरी आमिषं आणि धाक एकदमच सुरू होतात. मुलाला मात्र अपूर्णांकच कळलेले नसतात.

मग सगळंच आवडीनं व्हावं असा माझा हट्ट आहे का? नाही. ‘मला पाढे फार आवडतात’ म्हणणारं मूल मी एकतीस वर्षांत क्वचितच पाहिलं. डेसी आणि रायन यांनीच हे पुढे नीट मांडलं आहे. बक्षिसासाठी करणं आणि आवड म्हणून करणं यांच्या मध्ये पायऱ्या आहेत. मूल एखादी गोष्ट आधी मार किंवा खाऊ डोळ्यांसमोर ठेवून करतं. मग कधी लाजेपोटी करतं, ‘बाई काय म्हणतील’ म्हणून. मग कधीतरी ते पटतं म्हणून करतं. आणि काही गोष्टी खरंच आवडतात म्हणून करतं. पाढ्यांना आवडीच्या पायरीवर चढवायची गरज नाही. ‘पटलं म्हणून’ या पायरीपर्यंत आले तरी आयुष्यभर पुरतात.

ते पटतं कसं, हे आमच्या बाल आनंद बाजारात दिसायचं. शाळेच्या अंगणात मुलं घरची भाजी, चिंचा, आईनं करून दिलेले वडे घेऊन बसतात आणि गावकरी खरेदी करतात. वहीत हातच्याची वजाबाकी चुकवणारी एक मुलगी मेथीच्या जुड्या घेऊन बसली होती, बारा रुपयांना एक. एका बाबांनी तीन जुड्या घेतल्या आणि पन्नासची नोट दिली. तिनं बोटं मोजली नाहीत, कागद घेतला नाही. ‘छत्तीस... चाळीसला चार, मग दहा’ असं पुटपुटत चौदा रुपये परत दिले. मी मागेच उभी होते. सोमवारी वर्गात तिच्या वहीत तीच वजाबाकी लिहून दिली, ५० वजा ३६. पुन्हा चुकली. मग म्हटलं, ‘मेथी आठव.’ तिनं वर बघितलं, हसली, आणि बरोबर लिहिलं. त्या दिवशी ती आपणहून म्हणाली, ‘बाई, बाराचा पाढा पाठ असता तर लवकर झालं असतं.’ मग तिनं तो दोन दिवसांत पाठ केला. तुम्ही म्हणाल, इथेही पैसे होतेच की. होते, पण ते हिशेबाचे पैसे होते, हिशेब शिकल्याबद्दल दिलेले नव्हते. मुलांना हा फरक बरोबर कळतो.

डेसी आणि रायन यांच्या मांडणीत माणसाच्या तीन गरजा आहेत: हे मी ठरवलं असं वाटणं, हे मला जमतंय असं वाटणं, आणि ज्यांच्यासोबत करतोय त्यांना मी हवा आहे असं वाटणं. माझा अनुभव असा की घरच्या अभ्यासात पहिली आणि तिसरी तर सुटतेच, पण सगळ्यात जास्त मार दुसरीला बसतो. जे जमत नाही त्याचा कंटाळा येतो. मूल ‘जमत नाही’ म्हणत नाही, ‘कंटाळा आला’ म्हणतं, कारण ते म्हणायला लाज वाटत नाही.

आता तुमच्या घरातलं. आधी एक गोष्ट करू नका: उद्या सकाळी तक्ता फाडून ‘आजपासून काही मिळणार नाही’ असं जाहीर करू नका. त्याला ती शिक्षा वाटेल, आणि त्यानं तर काही चूक केलेली नाही. करार तुमचा होता, त्यानं पाळला. त्याचे जे स्टार, जे पैसे बाकी असतील ते मोजून देऊन टाका. मग निवांत वेळी, अभ्यासाच्या वेळी नव्हे, त्याच्याशी सरळ बोला. ‘मी लिहिण्याचे पैसे द्यायला लागले ते माझं चुकलं. तुला लिहायला का आवडत नाही ते मला कळलंच नाही. आता आपण ते शोधू.’ आठ वर्षांच्या मुलाला हे समजतं. आईबाप चूक कबूल करतात हे ऐकून मुलं गप्प होतात, आणि मग बोलायला लागतात.

हातखर्चाचे पैसे द्यायचे असतील तर ठरावीक वारी द्या, पण त्यांचा अभ्यासाशी, गुणांशी, वागण्याशी काहीही संबंध ठेवू नका. पैसा सांभाळायला शिकणं हा वेगळा विषय आहे.

शुद्धलेखनाचं पान हे काय काम आहे, याचाही विचार करा. पुस्तकातला उतारा बघून जसाच्या तसा लिहायचा आणि तो कुणी वाचणार नाही. असं काम मलाही नको वाटेल. शाळेनं दिलं असेल तर बाईंशी बोला, पानाऐवजी पाच ओळी चालतील का विचारा. बहुतेक शिक्षक ऐकतात. आणि घरी असं लिहायला द्या जे कुणीतरी वाचेल आणि त्यावर काहीतरी घडेल. किराण्याची यादी त्यानं लिहायची आणि दुकानात त्यानंच वाचायची. साखर लिहायची राहिली तर साखर येणार नाही. गावी आजीला चिठ्ठी, पोस्टानं. सोसायटीतल्या क्रिकेटचा धावफलक. कोणत्या वेळी लिहायचं, टेबलावर की जमिनीवर, आधी गणित की आधी मराठी, हे त्याला ठरवू द्या. लिहायचं की नाही हे तो ठरवणार नाही, बाकी सगळं त्याचं.

शाबासकी जरूर द्या, फक्त ‘किती हुशार माझा राजा’ असं म्हणू नका. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात बुद्धीचं कौतुक झालेली मुलं पुढे सोपी कामं निवडायला लागली. हुशारी सिद्ध झाली आहे, ती आता कशाला धोक्यात घालायची, असा त्यांचा हिशेब. त्यापेक्षा वहीत बोट ठेवून सांगा, ‘या ओळीतला ‘क्ष’ बघ, कालच्यापेक्षा किती नीट वळला.’ एवढं पुरतं. त्याला कळतं की आईनं खरंच बघितलं.

पहिले आठ-पंधरा दिवस जड जातील. तो लिहिणार नाही, चिडेल, ‘मग मी नाही करत जा’ म्हणेल. माझ्या वाचनपेटीचे पंधरा दिवस आठवा. या काळात वही कोरी राहिली तर राहू द्या, बाईंना आधी कल्पना देऊन ठेवा. आणि आजी-आजोबांना विश्वासात घ्या. नातवाच्या हातावर दहाची नोट ठेवण्यात त्यांचा जीव असतो, तो मोडू नका. फक्त एवढीच विनंती करा की नोट सणाला द्या, भेटीला द्या, अभ्यास केला म्हणून देऊ नका.

शाळेत स्टार मिळतात त्याचं काय, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. त्याची फार काळजी करू नका. शाळेतून आल्यावर ‘आज किती स्टार?’ हा प्रश्न तेवढा घरातून काढून टाका. घरी ज्याची विचारपूस होत नाही, त्या गोष्टीचं वजन आपोआप कमी होतं. एक अपवाद मात्र सांगते. एखाद्या मुलाला विशेष शिक्षकांनी किंवा थेरपिस्टनी टोकनची पद्धत, म्हणजे ठरलेलं काम झालं की एक टोकन द्यायचं, अशी आखून दिली असेल, तर ती माझं उत्तर वाचून बंद करू नका. त्या मुलांची गरज वेगळी असते आणि ती पद्धत हळूहळू कमी कशी करायची तेही ते सांगतात.

धाकटीचं सोपं आहे, कारण तिची आवड अजून शाबूत आहे. ती चित्र घेऊन आली की पैसेही नकोत आणि ‘वा, किती सुंदर’ही नको. हातातलं काम बाजूला ठेवून चित्र बघा आणि चित्राबद्दल विचारा. ‘हा कोण? याला तीन पाय का?’ ती पाच मिनिटं सांगत बसेल. भिंतीवर लावायचं का, हेही तिलाच विचारा. काही चित्रं मुलांना गादीखालीच ठेवायची असतात.

मोठ्यासाठी या आठवड्यात फक्त एक काम करा. तो लिहायला बसेल तेव्हा शेजारी बसा, काही न बोलता, त्याच्या हाताकडे बघा. पेन्सिल किती घट्ट धरतो, तिसऱ्या-चौथ्या ओळीला हात झटकतो का, पुस्तकातल्या एका शब्दासाठी किती वेळा मान वर करतो, जोडाक्षराशी थांबतो का, ‘ब’ आणि ‘व’ किंवा ‘घ’ आणि ‘ध’ यांत अजून गोंधळतो का, वही डोळ्यांच्या फार जवळ नेतो का. मग तीच गोष्ट तोंडी सांगायला लावा आणि बघा, बोलताना भरभरून सांगतो का. बोलतो छान पण कागदावर उतरत नाही, असं महिनोन्‌महिने दिसत असेल, तर डोळे तपासून घ्या आणि अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन-लेखन शिकताना येणाऱ्या खास अडचणींची, तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांकडे एकदा जाऊन या. तसं नसेल तर पुष्कळदा जाड पेन्सिल, मोठ्या रेघांची वही आणि कमी ओळी एवढ्यानं काम होतं. चार-पाच दिवसांत जे दिसेल ते मला लिहून कळवा, पुढचं त्यावरून ठरवू.